उरलेलं केळं

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार. एकशे छत्तीस रियाल पंचाहत्तर हलाला.

एवढं माझ्या मोबाइलचं जादा बिल त्या एका दुपारी झालं. मी सौदीत, अल-खोबरमधल्या एका बांधकाम कंपनीत हिशेब सांभाळतो. एकतीस वर्षं इतरांच्या बिलांवर लाल पेन्सिलीने खुणा करत आलो आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. स्वतःच्या बिलावर खूण करायची वेळ कधी आली नव्हती. बिल आलं त्या संध्याकाळी खैरुन्निसाने, म्हणजे माझ्या बायकोने, चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"रेवदंड्याला फोन केलात की रेवदंडा विकत घेतलात?"

"फोन उघडा ठेवला होता. रिक्षा पोचेपर्यंत."

"एवढ्यात आपण दोघं बहारीनला जाऊन मासे खाऊन आलो असतो."

असं म्हणून तिने बिल घडी करून फ्रिजवरच्या चुंबकाखाली लावलं. तिला सगळं माहीत होतं. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, कारण त्या बिलामागे अबीगेल अष्टमकर नावाची बाई आहे. आम्ही तिला अबीगेलताई म्हणायचो. पुण्यातलं यहुदी विद्यार्थी मित्रमंडळ तिने काढलं. तिच्यावर कुठे दोन ओळी छापून आल्याचं मला आठवत नाही.

त्या रविवारी मी ऑफिसात होतो. इथे रविवार कामाचा वार. दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास फोन वाजला. ताईचा मुलगा एल्डाद. तो इस्रायलला अश्दोदमध्ये असतो, पण नंबर भारतातला होता.

"मामा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज धाप लागल्यासारखा होता. "केळं उरलंय."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

---

का उठलो ते कळायला एकेचाळीस वर्षं मागे जावं लागेल.

१९८४ साली मी चौलहून पुण्याला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेलो. वडिलांची चौलात नारळाची वखार होती. पुण्यात माझं ओळखीचं कोणी नव्हतं, आणि मेसच्या आमटीत नारळ तर नव्हताच. जुलैत मला एक पोस्टकार्ड आलं. पत्ता: एच. आय. चौलकर, अमुक वसतिगृह. मजकूर चार ओळींचा. 'शुक्रवारी दिवेलागणीला रास्ता पेठेत या. आपल्याकडची मुलं भेटतील. जेवण आहे. अबीगेल अष्टमकर, एम.कॉम. भाग एक.'

अष्टमी म्हणजे रोह्याच्या पलीकडचं गाव. मला वाटलं, कोणी रायगडच्या मुलांना जमवतंय. जेवणात नारळ असणार एवढाच विचार करून मी गेलो.

एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर खोली. दारात उंच, सडसडीत मुलगी उभी. मनगटावर पुरुषी घड्याळ, पदर खोचलेला, हातात झारा. खोलीत नऊ-दहा मुलं सतरंजीवर बसलेली, आणि मध्ये पितळी ताटात केळी मांडून ठेवलेली.

"चौलकर ना? या, या! एच म्हणजे काय, हायम?"

"हारून."

"आणि आय?"

"इस्माईल. वडील."

तिचा झारा हवेत तसाच राहिला. मग ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चूक आमच्याच भागातल्या माणसाकडून व्हावी अशी होती. रायगडच्या किनाऱ्यावर माणसं आडनाव गावावरून घेतात. चौलकर हिंदूही असतो, मुसलमानही आणि यहुदीही. ताईने पुण्यातल्या कॉलेजांच्या बोर्डांवर लावलेल्या याद्या वाचून, आमच्या गावांची आडनावं दिसतील तिथे कार्डं टाकली होती. शिवाय आडनाव काही का असेना, ज्याचं नाव जुन्या करारातलं असेल त्यालाही. म्हणून सतरंजीवर एक रूबेन साळवे बसला होता, नगरचा ख्रिश्चन. तो आधीच दोन वाट्या रस्सा पिऊन तृप्त होता.

"मी जातो मग," मी म्हटलं.

"कुठे जातोस? जेवायला यहुदी असावं लागत नाही. बस."

मी बसलो. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातला होता. मटणाबरोबर दूधदुभतं त्यांना चालत नाही, म्हणून ते नारळाचं दूध घालतात. दोन महिन्यांनी मला घरची चव लागली होती. मी मान वर केली नाही.

वर केली तेव्हा सगळे ताटातल्या केळ्यांकडे बघत होते. एकेका यहुदी मुलाने एकेक केळं उचललं होतं. एक उरलं होतं.

"एक कमी," ताई म्हणाली. तिचा सगळा उत्साह उतरला.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. खात्री करावी म्हणून बोट दाखवत "एक, दोन, तीन" सुरू केलं, तर तिने माझ्या हातावर झारा मारला. हलकाच, पण गरम होता.

"माणसं मोजायची नसतात! मोजलेल्या माणसाला नजर लागते. आमच्यात असंच आहे."

"मग कळणार कसं?"

"म्हणून तर केळी."

तिने मला समजावलं ते असं. त्यांच्या काही प्रार्थनांना दहा जाणते पुरुष लागतात, म्हणून ताटात दहा केळी. नऊ असले तर ती प्रार्थना होत नाही. गावात दहा मिळतात, मुंबईत शंभर मिळतात, पण पुण्याच्या वसतिगृहांत पोरं एकेकटी विखुरलेली. कोणाचा बाप गेला तर त्याच्या नावाची कद्दिश, म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, तीही म्हणता येत नाही. आदल्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलावर तीच पाळी आली होती. तो बाप गेल्यावर आठवडाभर नऊ जणांत बसून गप्प राहिला. ते बघून हिने मंडळ काढलं.

"खाली सायकल आहे का तुझी?" तिने मला विचारलं.

"आहे."

"डेक्कनला एक डेंटलचा मुलगा राहतो. पेणकर. कार्ड टाकलं, आला नाही. घेऊन येशील?"

मी गेलो. पेणकर अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होता. मी त्याला तसाच कॅरियरवर बसवून आणला. एका गालाला साबण. त्याने शेवटचं केळं उचललं तेव्हा खोलीत असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरची म्हातारी काठी आपटायला लागली. त्या रात्री आदल्या वर्षीच्या त्या मुलाने बापाची कद्दिश म्हटली. मला एक अक्षर कळलं नाही. पण माझ्या अंगावर काटा आला होता.

तेव्हापासून ते माझं काम झालं. पुढची पाच वर्षं शुक्रवारी केळं उरलं की मी सायकल काढायचो. एकदा सिनेमाच्या मध्यंतरातून एकाला उठवलं. त्याची मैत्रीण माझ्याशी अजून बोलत नाही. ताई दारातून ओरडायची, "हारून, त्याला दहावा आहेस म्हणून सांगू नकोस हां! आकडा भरायला बोलावलं असं वाटतं माणसाला. विचार, जेवलास का!"

एकदा मी तिला विचारलं, "ताई, हे सगळं तुम्ही करता. मग तुम्ही त्या दहात का नाही?"

"बायका धरत नाहीत आमच्यात."

"हे बरोबर आहे?"

तिने रश्शात मीठ टाकलं, चव बघितली. "बरोबर नाहीच. भांडते मी त्याच्यावरून, तू काळजी करू नकोस. पण शुक्रवार भांडणासाठी थांबत नाही ना. तोवर तू आणि मी दोघंही मोजणीबाहेरची. म्हणून तर कामाला मोकळी."

नंतर ती एका सहकारी बँकेत लागली, लग्न झालं, नवरा लवकर गेला, एल्डादला एकटीने वाढवलं. पण मंडळ चालूच होतं. जून उजाडला की कार्डं. कार्डांची जागा फोनने घेतली, फोनची मोबाइलने. त्या खोलीतून किती संसार जुळले आणि किती जण इस्रायलला गेले, ते ताईच जाणे. प्रत्येकाला निरोप द्यायला ती विमानतळापर्यंत जायची आणि परत येऊन ताटातलं एकही केळं कमी न करता तेवढीच मांडायची. निवृत्त झाल्यावर ती रेवदंड्याला आईच्या घरी राहायला गेली.

आणि मी इकडे आलो. खोबरला येऊन दुसऱ्याच वर्षी मी काय केलं, तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या फ्लॅटवर कोकणातल्या नव्या पोरांना जेवायला बोलवायला लागलो. ताटात बुरैद्याचे खजूर, जेवढी पोरं बोलावली तेवढे. खजूर उरला की ज्याचा उरला त्याला फोन. कधी कोणी तापाने खोलीवर पडलेला असतो, कधी कोणाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपलेला असतो आणि तो भीतीने बाहेर पडत नसतो. खजूर खोटं बोलत नाही. ही पद्धत कोणाची असं पोरं विचारतात, तेव्हा मी सांगतो, रास्ता पेठेतल्या एका यहुदी बाईची.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात ताई गेली. एल्डादला विमान मिळालं नाही. तो पोचला तोवर दफन होऊन आठवडा झाला होता.

---

तर एल्डादचा फोन.

"मामा, आज आईला वर्ष झालं. रेवदंड्याच्या प्रार्थनालयात आहोत. ठाण्याहून गाडी करून आणलं सगळ्यांना. नथानिएलकाकांचं ब्लडप्रेशर वाढलं, त्यांना वडखळला उतरवून डॉक्टरकडे ठेवावं लागलं. नऊ... " तो थांबला. आईने त्यालाही झारा मारलेला असणार. "केळं उरलंय."

"गावातलं कोणी?"

"एक घर आहे, त्याला कुलूप. आमच्यातलं इथे कोणी राहिलंच नाही असं लोक म्हणतायत. मामा, दिवस सूर्यास्ताला संपतो. उद्या पहाटे माझं विमान आहे. गेल्या वर्षी पण मी... " मग म्हणाला, "आई म्हणायची, केळं उरलं की हारूनला सांगायचं."

मी घड्याळ पाहिलं. रेवदंड्याला सूर्य सहाला बुडणार, म्हणजे आमच्याकडचे साडेतीन.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "गावाकडे एक माणूस शोधायचाय. आत्ताच जावं लागेल."

"हरवलाय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. अजून सापडायचाय."

एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा असं काहीतरी बोललो होतो. साहेबांनी घाबरून लगेच सोडलं.

मी गाडी काढली ती थेट जमालुद्दीनच्या दुकानात. जमालुद्दीन रेवदंड्याचा. खोबरच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान: कोकम, सुके बोंबील, तांदळाचे पापड आणि गावाकडच्या सगळ्या बातम्या. तो एका गिऱ्हाइकाला जवळा तोलून देत होता.

"जमाल, रेवदंड्यात यहुदी कोण राहिलंय?"

"का रं? जागा बघतोस?"

"केळं उरलंय."

तागडीतलं वजन त्याच्या हातातच राहिलं. आमच्या शुक्रवारी तोच खजूर मांडतो. "तुझ्या त्या ताईकडं?"

"तिचं वर्ष आहे आज. पोराला कद्दिश म्हणायचीय."

जमालुद्दीनने गिऱ्हाइकाला जवळा तसाच देऊन टाकला आणि डोळे मिटले. "थांब, चालत जाऊन येतो." मग डोळे मिटूनच बोलायला लागला. "पोस्टापासून निघालो. पहिलं घर, कुलूप. पुढचं विकलं, तिथं आता सोनार हाय. विहिरीपाशी वळलो. तिथं घाणीवाले होते... सॅमसन! अरं सॅमसन तळकर! खोबरेल काढायचा. तो मेला नाय. बायको गेली तसा गाव सोडून चौलच्या वाटंला वाडीत जाऊन ऱ्हायलाय, एकटाच. म्हणून कोणाला आठवंना."

"नंबर?"

"शारीककडं असंल." शारीक म्हणजे जमालुद्दीनचा धाकटा भाऊ, रेवदंड्यात रिक्षा चालवतो. शारीककडे नंबर होता. रिक्षा काढायलाही त्याला तेव्हाच सांगून ठेवलं. साधा फोन, त्यावर इंटरनेट वगैरे नाही. मी सरळ आंतरराष्ट्रीय कॉल लावला. बिल तिथपासून धावायला लागलं.

बराच वेळ वाजल्यावर म्हाताऱ्याने उचलला. आणि मी, पाच वर्षं ताईच्या हाताखाली शिकलेला माणूस, घाईत काय बोललो?

"सॅमसनकाका, मी हारून चौलकर, सौदीवरून. प्रार्थनेला एक माणूस कमी पडतोय. तुम्ही दहावे. शारीक रिक्षा घेऊन येतोय."

तिकडे खाट करकरली.

"दहावा," सॅमसनकाका म्हणाले. "कोरोनात माझी सिपोरा गेली तेव्हा सात जण होतो. मी ठाण्याला फोन केले, अलिबागला केले. कोणी आला नाही. तिची कद्दिश झाली नाही. तेव्हा तुमची मोजणी कुठे होती?"

फोन बंद. परत लावला तर स्विच ऑफ.

जमालुद्दीन माझ्याकडे बघत होता. "काय बोललास त्याला?"

"दहावा म्हटलं."

"कप्पाळ!" तो म्हणाला. "मी पोरांना जेवायला बोलवताना कधी बोललो का, की एक खजूर ऱ्हायलाय म्हणून ये?"

मी दुकानात पोत्यावर बसलो. तेवढ्यात असरची अजान झाली. जमालुद्दीनने शटर अर्धं खाली ओढलं. आम्ही दोघांनी मागच्या बाजूला नमाज पढली. माझं लक्ष त्या म्हाताऱ्याच्या वाक्यावरच होतं. सात जण. त्याच्याकडे तर तीन केळी उरली होती, आणि सायकल काढणारं कोणी नव्हतं.

सलाम फिरवला तेव्हा मला ते सुचलं. नमाजात दुसरे विचार येऊ नयेत हे खरं. पण आला.

"जमाल, माझ्या फोनवरून शारीकला लाव! त्याला सांग, घरी जाऊन फोन काकांच्या हातात दे!"

शारीक आधीच निघालेला होता. आम्ही त्याचा फोन उघडाच ठेवला. रिक्षाचा खडखडाट, कुत्रं, कोणाला तरी "ओ आजी, बाजूला!" मग इंजिन थांबलं. चपलांचा आवाज.

"काका, फोन हाय."

"कोणाचा?"

"सौदीचा."

"नको."

"काका, एवढ्या लांबून करतायत. मिनटाला पैसे जातायत त्यांचे."

या एका गोष्टीवर कोकणातला कुठलाही माणूस विरघळतो. फोन हातात आला.

"बोला," सॅमसनकाका म्हणाले. "लवकर बोला. तुमचे पैसे जातायत."

"काका, जेवलात का?"

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. "... भात खाल्ला."

"माझं चुकलं काका. मी उलटं बोललो. तुम्ही त्यांचे दहावे नाही. ते तुमचे नऊ आहेत."

शारीकची रिक्षा मागे धडधडत होती. त्याने इंजिन परत सुरू करून ठेवलं होतं, हुशार पोरगा.

"सिपोराकाकूंच्या वेळी तीन कमी पडले ना? आज तुमच्या गावात, तुमच्या प्रार्थनालयात, नऊ जण येऊन बसलेत. ते उद्या नसतील. अबीगेलताईचा मुलगा आईची म्हणेल. तुम्ही काकूंची म्हणा. एकाच वेळी दोघांना म्हणता येते, हे मी पुण्यात पाहिलंय."

"ती अष्टमकरांची अबीगेल?" सॅमसनकाका हळूच म्हणाले. "ती यायची की माझ्याकडे तेल न्यायला. सिपोरा गेली त्या दिवशी ती आली होती. दारात उभी राहून रडली. म्हणाली, मला धरत असते तर आठ झालो असतो."

मला हे माहीत नव्हतं. ताईने कधी सांगितलं नव्हतं. जमालुद्दीनने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"काका, मी जमाल, मोहल्ल्यातला! उठा आता! टोपी घ्या! शारीक, बसव त्यांना!"

"पाय धुतो," सॅमसनकाका म्हणाले. "असा कसा येऊ?"

त्यांनी पाय धुतले. हात धुतले. टोपी सापडेना. आम्ही खोबरमध्ये उभे राहून तांब्याचा आवाज, पेटीच्या कडीचा आवाज ऐकत होतो. जमालुद्दीन शटरच्या दांड्यावर बोटं आपटत "यल्ला, यल्ला" म्हणत होता. शेवटी टोपी पेटीत सिपोराकाकूंच्या साड्यांखाली मिळाली.

रिक्षा निघाली. घड्याळात पावणेतीन होऊन गेले होते, म्हणजे तिकडे सव्वापाच. चौलच्या वाटेवर नारळाच्या गाड्या असतात, हे मला आणि जमालला दोघांनाही पाठ होतं. "आता देवळाचा चढ आला असंल," जमाल म्हणायचा, आणि फोनमधून गियर पडल्याचा आवाज यायचा. मध्ये एक लग्नाचा बँड लागला. रिक्षा थांबली. शारीक ओरडत होता, बँडवाला वाजवत होता, आणि मागून सॅमसनकाकांचा आवाज, मघापेक्षा दुप्पट मोठा: "अरे बाजूला व्हा रे! माझे नऊ खोळंबलेत!"

जमालने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की मी कोकमाच्या बरणीवर आपटलो.

त्याच वेळी जमालच्या फोनवरून मी एल्डादला लावला. "मामा?"

"रिक्षा वळली का बघ. बाहेर ये."

"मामा, सूर्य झाडाच्या खाली गेलाय."

"बाहेर ये म्हणतो ना!"

मग दोन्ही फोनमधून एकच आवाज आला, रिक्षाच्या भोंग्याचा. एका कानात जवळून, दुसऱ्या कानात लांबून. नंतर दोन्हीकडून माणसांचा ओरडा. त्या ओरड्यात मला रास्ता पेठेतली खोली ऐकू आली. खालच्या म्हातारीची काठी तेवढी कमी होती.

एल्डादने फोन खिडकीत ठेवला. प्रार्थना सुरू झाली. आम्ही दोघं अर्ध्या शटरच्या आत उभे होतो, बोंबलांच्या वासात. आधी सगळ्यांचा मिळून आवाज. मग तो थांबला आणि दोन आवाज उरले: एक तरुण, घाईतला, आणि एक म्हातारा, अडखळणारा. म्हातारा मागे पडला की तरुण थांबायचा. मग दोघं पुढे जायचे. मध्येमध्ये बाकीचे "आमेन" म्हणायचे. मला आजही त्यातलं एक अक्षर कळत नाही. अंगावर काटा तसाच आला.

जमालुद्दीनने टोपी काढली, परत घातली, आणि ताईसाठी व सिपोराकाकूंसाठी आपल्या पद्धतीने हात उचलले. मीही उचलले.

संपलं तेव्हा आमच्याकडे तीन पंचवीस झाले होते.

"मामा," एल्डाद फोनवर आला. रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "झालं. मामा, झालं! सॅमसनकाका सोडायला तयार नाहीत. नथानिएलकाकांच्या वाटचे मलिद्याचे गोड पोहे पण खाल्ले त्यांनी, आणि म्हणतायत पोह्यांत नारळ कमी आहे."

"खरंच कमी असणार," मी म्हटलं. "ठाण्याचा नारळ."

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. पितळी ताट, तेच, कडेला पोचा पडलेलं. ताट रिकामं. मागे सॅमसनकाका दोन पोरांच्या मध्ये, टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात अर्धं सोललेलं केळं. मी तो फोटो मोठा करून खैरुन्निसाला दाखवला. तिने चष्मा लावून तो पाहिला. मग म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी आपल्याकडे खजुराबरोबर एक ताट केळ्यांचं पण ठेवू."

एल्डाद पहाटे गेला. जाण्याआधी नऊही जणांनी सॅमसनकाकांचा नंबर घेतला, आणि मार्चमध्ये सिपोराकाकूंचं वर्ष येतं त्या दिवशी ठाण्याहून परत गाडी करायचं ठरवलं. मला त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय, फोन उघडा ठेवा म्हणून.

शारीकला एल्डादने रिक्षाचे पैसे देऊ केले होते. त्याने घेतले नाहीत. "भाडं हारूनभायनी लावलं होतं," असं तो म्हणाला, आणि वाटीभर मलिदा खाऊन गेला. मी ऑनलाइन पाठवतो म्हटलं, तर म्हणाला, गावाला याल तेव्हा हातात द्या.

जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे मिळून दोनशे साठ रुपये. ते मी शारीकला अजून द्यायचे आहेत.